सोळा गाठींची बाटली

माझ्या प्रबंधाचं नाव मंजूर होऊन आलं तोवर जिल्हाच बदलला होता. नोंदणीच्या अर्जात मी नांदेड आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतल्या गोड्या पाण्यातले रोटिफर, त्यांची विविधता आणि वितरण, असं लिहिलं होतं. कागद विद्यापीठातून फिरून येईपर्यंत उस्मानाबादचा तुकडा पडून लातूर वेगळा जिल्हा झाला आणि माझी तिकडची तळी, बारवा, विहिरी सगळ्या नव्या जिल्ह्यात गेल्या. मग पुन्हा अर्ज, पुन्हा तीन प्रती, पुन्हा सह्या. माझे मार्गदर्शक सर लातूरच्या एका कॉलेजात होते. त्यांना नव्या जिल्ह्याचं भारी कौतुक. या जिल्ह्याच्या पाण्यावरचं पहिलं काम आपलं असणार, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लातुरात तेव्हा जिकडेतिकडे ओल्या रंगाच्या पाट्या होत्या, भाड्याच्या घरांत कचेऱ्या थाटलेल्या होत्या आणि साहेब आले तरी खुर्च्या यायच्या होत्या. पाण्यातल्या जिवांना तालुका कळत नाही आणि जिल्हाही कळत नाही, असं मी एकदा वैतागून बोलले. सर म्हणाले, विद्यापीठाला कळतो.

रोटिफर म्हणजे काय हे मला आयुष्यभर लोकांना सांगावं लागलं आहे, तेव्हा इथेही सांगते. तळ्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात पारदर्शक, इवलेसे जीव धावपळ करताना दिसतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. त्यांच्या डोक्यावर बारीक केसांची गोल झालर असते आणि ती इतकी भरभर हलते की चाक फिरतंय असं वाटतं. काही जाती उघड्या पाण्यात तरंगतात, काही काठाला, दगडाला, शेवाळाला धरून राहतात. कोणत्या पाण्यात कोणत्या जाती, कोणत्या महिन्यात आणि किती, एवढाच माझा विषय. याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की सुरुवातीला मी माशांच्या पिल्लांचं खाद्य वगैरे सांगायची. नंतर नंतर 'काही नाही' म्हणून मोकळी व्हायला लागले.

मी नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. तिशी ओलांडली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल असं आता कुणी म्हणतही नव्हतं. रेल्वे स्टेशनच्या मागे एक खोली घेतली होती. ती मिळेपर्यंत चार घरं फिरले. आडनाव विचारून झालं की खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. शेवटी रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डनं दिली. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सोमवारी सकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोललेली नसायची. एका सोमवारी पहिल्या तासाला हजेरी घ्यायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, आणि पुढच्या बाकावरच्या पोरी हसल्या. स्टाफरूममध्ये माझं नाव 'किड्यांच्या बाई' पडलं होतं. मला एकटीला राहायला आवडतं, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगत असे. ते खरं नव्हतं. पण एकदा सांगितल्यावर ते निभावून न्यावं लागतं, आणि माझा हेका मोठा होता.

माझी माय मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची, तीही एकटीच. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, मी बी.एस्सी.ला असताना ते गेले. माझ्यामागे भावंड नाही. नांदेडला चल म्हटलं की ती दोन दिवसांसाठी यायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरून दारात उभी राहायची. तिला त्या खोलीत करमायचं नाही, आणि मला गावात. गावात गेलं की पहिला प्रश्न लग्नाचा, दुसरा पगाराचा आणि तिसरा पुन्हा लग्नाचा.

आमच्या गावाला एक जुनं दगडी पायऱ्यांचं तळं आहे. अकरा पायऱ्या. मी लहान होते तेव्हा आमच्या वस्तीला त्या पायऱ्यांवर उतरायची मुभा नव्हती. आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा मी मायच्या कडेवर होते. त्यानंतरही कितीतरी वर्षं आमच्या बाया खालच्या अंगाला, म्हशी बसायच्या तिथून, घागरी भरत. नोंदणी करताना मी नमुन्यांसाठी ठिकाणं निवडली: इस्लापूरकडची नदी, नांदेडची गोदावरी, अहमदपूर आणि उदगीरकडची तळी, एक-दोन बारवा. त्यात हे तळंही घातलं. सरांना मी सांगितलं की ते जुनं आहे, काळ्या मातीतलं आहे, अभ्यासाला चांगलं आहे. खरं कारण एवढंच होतं की मला त्या पायऱ्यांवरून उतरून पाणी घ्यायचं होतं.

मी दोनदाच उतरले. दर महिन्याला इतक्या ठिकाणी एका माणसाला जाणं होईना, तेव्हा गावचं तळं मी मायवर सोपवलं.

त्याआधी एकदा तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रोटिफर दाखवला होता. एक डोळा मिटून ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तिला काही दिसतच नसावं. मग म्हणाली, "ही तर दळण दळून राहिली की गं." मी तिला समजावलं की त्या चाकानं पाणी ओढलं जातं आणि त्याबरोबर खाणं तोंडात येतं. आणि ही मादीच आहे हे तिनं बरोबर ओळखलं, कारण यांच्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात, त्यांना नराशिवाय पोरी होतात आणि त्या पोरींनाही पोरीच होतात. पाणी बिघडायला लागलं, गर्दी झाली, की काही जातींत थोडे दिवस नर येतात आणि मग टणक कवचाची अंडी पडतात. तळं आटलं तरी ती अंडी गाळात पडून राहतात आणि पाणी आलं की फुटतात. हे शेवटचं तिनं मला दोनदा सांगायला लावलं. मग हसून म्हणाली की तुला यांचाच नाद कसा काय लागला ते आता उमगलं. मला राग आला. ती दुसऱ्याच दिवशी गावी गेली आणि तो राग माझ्याजवळच राहिला.

काम मात्र तिनं चोख उचललं. रेशमी कापडाची निमुळती जाळी, तिच्या टोकाला छोटी नळी. जाळीतून दहा बादल्या पाणी गाळायचं, नळीत उरलेलं पाणी बाटलीत घ्यायचं आणि नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मॅलिनचे थेंब टाकायचे. ती त्याला 'दवा' म्हणायची आणि बाटली लुगड्याच्या घडीत गुंडाळून उतरंडीच्या मागे ठेवायची. जाळी खुंटीला टांगलेली असायची आणि तिला कुणी हात लावलेला खपायचा नाही. पायऱ्यांवर बसून ती पाणी गाळत असे तेव्हा गावातले लोक थांबून विचारत, आणि माह्या पोरीचं सरकारी काम हाय, असं ती त्यांना ऐकवत असे. हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून बाटलीवर महिना कसा घालायचा ते तिनंच शोधून काढलं. बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा आणि दोऱ्याला गाठी. श्रावणातल्या पहिल्या बाटलीला एक गाठ, भादव्यातल्या बाटलीला दोन, अशा चढत्या.

बाटली हातात यायची ती मुखेडच्या स्टँडवर. महिन्यातून एकदा मला सरांकडे लातूरला जावं लागे. लोहा, अहमदपूर करून गेलं तर लवकर पोचतं, पण मी कंधार, मुखेड, जांब असा लांबचा फेरा घ्यायची. महिन्यातला पहिला बाजाराचा दिवस आम्ही ठरवून टाकला होता. गाडी मुखेडला वीस मिनिटं थांबायची. माय बाजार आटोपून चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर बसलेली असायची. बाटली माझ्या हातात द्यायची, भाकरीचं फडकं द्यायची, आणि मी विचारायची, किती पायऱ्या उघड्या पडल्या? ती आकडा सांगायची, मी वहीत लिहायची. तेवढ्यात कंडक्टर घंटी मारायचा. वीस मिनिटांतली पंधरा मी बाटली उजेडात धरून बघण्यात घालवत असे. गावाला जायला तिथून पुढे दुसरी गाडी, मग चालत. एवढा वेळ कुणाला होता, असं मी स्वतःला सांगायची. वेळ खरं तर भरपूर होता, शनिवार-रविवार खोलीतल्या भिंती बघण्यात जायचे.

त्या वर्षी पावसानं डोळे वटारले. दिवाळीपर्यंतच विहिरींचे तळ दिसायला लागले. पौषात अहमदपूरकडचं तळं गेलं, मग उदगीरकडचं. इस्लापूरच्या नदीत डोहांपुरतं पाणी उरलं. लातुरात नव्या कलेक्टर कचेरीसमोर टँकरच्या मागणीचे अर्ज घेऊन गावोगावचे लोक बसलेले असत. माझ्या तक्त्यात एकेका ठिकाणापुढे शून्य पडत चाललं होतं. आमच्या गावचं तळं तेवढं तग धरून होतं. माघात बाटली आली, फाल्गुनात आली, चैत्रात आली, वैशाखातही आली. सात, आठ, नऊ, दहा गाठी. मी पायऱ्या विचारायची आणि माय खाली बघून सांगायची, आठ उघड्या पडल्या, नऊ, मग एकच राहिली.

त्या चार बाटल्यांत मला असं काही दिसलं की माझी झोप उडाली. उघड्या पाण्यात तरंगणाऱ्या जाती एकेक करून नाहीशा होत होत्या. त्यांच्या जागी काठाला, दगडाला धरून राहणाऱ्या वाढत होत्या. वैशाखाच्या बाटलीत तर त्याच उरल्या होत्या, आणि फॉर्मॅलिननं अंग आखडून गोळा झालेले काही जीव, जे जिवंत असतानाच ओळखता येतात. दुष्काळात तळं आक्रसत जातं तशी त्यातली वस्ती काठाकडे कशी सरकते, ते महिन्यामहिन्यानं माझ्यासमोर होतं. आपल्या भागात हे कुणी असं पाहिलेलं नाही, असं सर म्हणाले. त्यावर एक सबंध प्रकरण मी लिहून काढलं. प्रबंधाचा जीव त्याच प्रकरणात होता. ते उभं राहिलं तर मी वर्षअखेरीला प्रबंध देऊ शकत होते. या चारही बाटल्यांच्या तळाशी मला थोडे लालसर कण दिसले होते. आमच्या तळ्याचा गाळ काळा आहे. मी वहीत 'लालसर कण' असं लिहिलं आणि पान उलटलं. आजूबाजूच्या गावांना टँकरनं पाणी चाललेलं असताना आमच्याच तळ्याला पाणी कसं, हेही मनात आलं नाही. आमचं तळं, म्हणून मला अभिमान वाटत होता.

जेठ लागताच सरांनी कळवलं की प्रकरणाला तळ्याचा एक फोटो लागेल. फिजिक्सच्या सहकाऱ्याचा कॅमेरा मागून घेतला आणि न कळवता, बाजाराचा दिवस नसताना, गावी गेले. घराला कडी होती. तशीच तळ्यावर गेले.

अकराच्या अकरा पायऱ्या उघड्या होत्या. तळाला भेगा पडलेल्या, त्यात टाच जाईल एवढ्या. तळ्यात रोजगार हमीचं काम चालू होतं. पुरुष गाळ खणत होते आणि बायांची रांग टोपल्या डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होती. त्या रांगेत तिसरी माझी माय होती. तिनं मला पाहिलं, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. वर येऊन टोपली रिकामी केली, पदरानं तोंड पुसलं आणि आज कशी आलीस, एवढंच विचारलं.

तळं कधी आटलं ते मी शेजारच्या बाईला विचारलं. पौष सरता सरता, ती म्हणाली.

टोपली त्या बाईकडे देऊन माय माझ्याबरोबर घरी आली. माय मला सरळ मागच्या अंगणात घेऊन गेली. लिंबाखाली रांजण होता, त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. तिनं फडकं सोडलं. आत अर्ध्यापर्यंत हिरवट पाणी, तळाला काळा गाळ, आणि कडेनं शेवाळ धरलेलं. तळ्यात गुडघाभर चिखलपाणी उरलं तेव्हा तिनं दोन घागरी पाणी आणि एक टोपलं गाळ आणून त्यात टाकला होता. गाळात अंडी असतात हे मीच तिला शिकवलं होतं. टँकर आला की तिच्या वाट्याला यायचं त्यातलं तांब्या-दोन तांबे ती रोज त्यात घालत असे. महिना भरला की जाळीतून गाळायचं आणि गाळलेलं पाणी परत रांजणात ओतायचं. रांजणाच्या काठावरून बोट फिरवलं तर बोटाला लाल भाजक्या मातीचे कण लागले.

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मोठ्यानं बोलले आणि वाईट बोलले. तू माझं चार महिन्यांचं काम मातीत घातलंस, असं म्हणाले. तुला काय कळतं, असंही म्हणाले. हे ती कधी विसरली असेल असं मला वाटत नाही. ती ऐकून घेत रांजणाजवळ उभी होती. मी थांबल्यावर म्हणाली, "तळं आटलं म्हनले असते, तर तू मुखेडात उतरली असतीस का?"

याचं खरं उत्तर 'नाही' असंच होतं. मी विषयच बदलला. पाणी नसेल तर नसलेलं पाणी दाखवायचं, असं शास्त्र असतं, शून्य आलं तर शून्य लिहायचं, तेही खरंच असतं, असं मी तिला वर्गात शिकवल्यासारखं सांगायला लागले. ती मन लावून ऐकत होती.

"म्हंजी रिकाम्या बाटलीचं बी काम असतंय?" तिनं विचारलं.

"असतं," मी म्हणाले. "तळं कोरडं तर बाटली कोरडी. तेवढं जरी दिलं असतंस तरी मी काही बोलले नसते."

हमीच्या कामावर का जातेस, मी पाठवते त्यात भागत नाही का, हेही मी विचारलं. भागतंय की, ती म्हणाली, पण तिथं चार बाया बोलायला असतात, घरी भिताडाशी किती बोलू. मला ते ऐकायचं नव्हतं. ती चुलीकडे वळली तशी मी पिशवी उचलली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाले. भाकरी टाकायला घेतली होती तिनं, ती तव्यावरच राहिली.

लातूरला जाऊन सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ कागद चाळत बसले. त्या म्हाताऱ्या बाईंची यात चूक नाही, ते म्हणाले, त्यांनी जीव जिवंत ठेवले, तुम्ही चार महिन्यांत एकदाही ठिकाणावर गेला नाहीत. प्रकरण काढून टाकायचं ठरलं. काम दीड वर्ष पुढे गेलं. सर बरोबर बोलत होते आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. त्या रागाचा सगळा भार मी मायवर टाकला.

त्यानंतर लातूरला जायचा दिवस तोच ठेवला, रस्ता बदलला. लोहा, अहमदपूर. लवकर पोचतं. पाऊस त्याही वर्षी आला तसा गेला. तळी कोरडीच राहिली. मुखेडला उतरण्याचं काही कारण उरलं नव्हतं आणि मी ते मान हलवून पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत असे. एक पोस्टकार्ड टाकलं, काम फार आहे, येणं होणार नाही. ते तिला शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असणार. अश्विनात धम्मदिनाला गावी न जाता नांदेडच्याच कार्यक्रमाला गेले, पांढरी साडी नेसून, गर्दीत एकटी उभी राहून परत आले. त्या संध्याकाळी गावाहून निघताना मी रांजणाच्या पाण्याची एक बाटली भरून खोलीवर आणली होती, फॉर्मॅलिन न घातलेली. कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातला थेंब संध्याकाळी बघत बसायची. मायच्या वाट्याच्या पाण्यावर वाढलेले ते जीव होते. अगदी बारीक, जळवेसारखे अंग लांबवत-आखडत चालणारे. त्या जातींत नर कधी कुणाला सापडलेलाच नाही. आईपासून मुलगी, तिच्यापासून मुलगी, इतकंच. मला वाईट वाटायचं आणि मी बाटलीला बूच लावून ठेवायची.

कार्तिकात एकदा अहमदपूरची गाडी चुकली. मी मुद्दाम मुखेडकडून गेले असते तर आज लिहायला बरं वाटलं असतं, पण तसं नाही. गाडी चुकली, मुखेडची लागलेली होती, कंडक्टर म्हणाला बसा, जांबहून लातूर मिळेल. बाजाराचा दिवस होता. स्टँडवर गाडी वळली तेव्हा खिडकीतून मला टपरीशेजारचा बाक दिसला. बाकावर माय बसली होती, मांडीवर पिशवी, आणि ती गाडीच्या दाराकडे बघत होती.

मी उतरले. ती उठली नाही, बाजूला सरकून तिनं जागा केली. बारीक झाली होती. मला वाटलं आता ती विचारेल, इतके महिने कुठं होतीस. तिनं विचारलं नाही. पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून बाटल्या काढल्या आणि माझ्या मांडीवर एकेक ठेवायला लागली. सहा बाटल्या. सगळ्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या, बुचं घट्ट लावलेली. प्रत्येकीच्या गळ्याला दोरा. अकरा गाठी, बारा, तेरा, चौदा, पंधरा. शेवटच्या दोऱ्याला सोळा.

"दर बाजाराला घेऊन आले," ती म्हणाली. "आदल्या दिशी तळ्यात उतरून बघायची. पानी न्हाई, तर बाटली रिकामी. रांजणातला एक थेंब न्हाई घातला, बघून घे."

जेठ, आषाढ, श्रावण, भादवा, अश्विन. पाच महिने ती या बाकावर येऊन बसली होती, माझी गाडी येऊन जाईपर्यंत, त्या गाडीत मी नसताना. मग बाटली पिशवीत घालून गावच्या गाडीनं परत गेली होती. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. त्यानं न सांगता दोन चहा आणून ठेवले.

मला रडू आलं. इतक्या लोकांत, स्टँडवर, मांडीवर सहा रिकाम्या बाटल्या घेऊन मी रडले. मायनं एकीकडे चहा प्यायला आणि दुसऱ्या हातानं बाटल्या घसरू नयेत म्हणून धरून ठेवल्या. कंडक्टरनं घंटी मारली. मी हातानंच त्याला जा म्हणून खूण केली. किती पायऱ्या उघड्या, असं मी तिला शेवटी विचारलं, कारण दुसरं काय विचारावं ते मला सुचत नव्हतं. अकरा, ती म्हणाली, आणि हसली. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गावी गेले आणि तीन दिवस राहिले.

प्रबंध पुढे पुरा झाला. त्यात आमच्या तळ्याच्या तक्त्यात ओळीनं शून्यं आहेत. पौषापर्यंत आकडे, आणि मग त्याच्याही पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात तळं भरेपर्यंत शून्य. ते भरलं तेव्हा गाळातून सगळ्या जाती परत आल्या, आणि ते मी स्वतः पायऱ्यांवर बसून मोजलं. माय शेजारी बसून बादल्या भरून देत होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. तो तक्ता उघडून त्यांनी शून्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही शून्यं घरी बसून भरलीत, का दर महिन्याला प्रत्यक्ष तळ्यात उतरून पाहिलं? सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, उतरून पाहिलंय, एकही महिना चुकलेला नाही. कुणी पाहिलं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मला ते सांगायची लाज वाटली.